गाडीखालच्या बाई

आमच्या ऑफिसातल्या बाईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते पायांकडून.

मुलुंडला आमच्या हेडक्लार्कची सोसायटी होती. त्यांनी एक जुनी गाडी घ्यायची ठरवली होती आणि ती दाखवायला मालक रविवारी सकाळी येणार होता. आम्ही ऑफिसातल्या दोघीतिघी पोह्यांच्या आमिषाने गेलो होतो. आवारात पांढरी गाडी उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. पायांत पुरुषी पायजमा, त्यावर घोट्यांपर्यंत ओढून घेतलेली सुती साडी, आणि शेजारी देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा नीट जोडलेल्या चपला. गाडीचा मालक, हेडक्लार्क आणि वॉचमन गोल करून उभे होते. सोसायटीच्या गॅलऱ्या भरल्या होत्या.

गाडीखालून आवाज आला, "ही पुढून डाव्या बाजूला कुठे आपटली होती?"

"छे हो बाई," मालक म्हणाला. "एक ओरखडासुद्धा नाही गाडीवर."

"ओरखडा नाही ते मलाही दिसलं. चासीला, खालच्या सांगाड्याला, जोड आहे. वर काळा रंग फासलाय."

मालकाने वॉचमनकडे बघितलं. मग म्हणाला, "तेवढं काय, मागे एकदा थोडं लागलं होतं."

बाई सरपटत बाहेर आल्या. खाली अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद त्यांनी झटकला, घडी केली, पिशवीत ठेवला. केसांतली माती झाडली आणि हेडक्लार्कना म्हणाल्या, "नको. पोहे झाले का?"

ऑफिसात त्या माझ्यासमोरच्याच टेबलावर बसायच्या, पण मी नवीन होते आणि त्या माझ्याशी फारसं बोलत नसत. आमची सरकारी विमा कंपनी अंधेरीला होती आणि आमचा विभाग मोटारींच्या क्लेमचा. धडकलेल्या, उलटलेल्या, जळलेल्या, पुरात बुडालेल्या गाड्यांची प्रकरणं आमच्याकडे यायची, आणि त्यातली निम्मी बाईंच्या हाताखालून जायची. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. मुलुंडला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. उंच, किडकिडीत बांधा, मनगटावर पुरुषी घड्याळ, डब्यात रोज दहीभात आणि तळलेली मिरची. गाडी चालवणं त्यांना येत नव्हतं. शिकायची इच्छाही नव्हती. मुख्य म्हणजे त्यांना गाडी लागायची. टॅक्सीत बसल्या की पाच मिनिटांत लिंबू हुंगायला लागायच्या.

कोणी विचारलं, की बाई, गाडीत बसवत नाही आणि गाड्यांतलं कळतं कसं, तर म्हणायच्या, "गाड्या चालतात कशा ते तुम्ही बघा. मरतात कशा ते मला विचारा."

जुनी गाडी घेणारा माणूस आधी बाईंकडे यायचा. ऑफिसातला असो, ऑफिसातल्याचा भाऊ असो, की भावाच्या शेजारी राहणारा असो. बाईंची फी काही नव्हती, अट एकच होती. सांगितलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी त्या पोचणार. गाडीचा मालक आंघोळीला गेलेला असायचा आणि बाई त्याच्या गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवून उभ्या असायच्या, घरात कोणाला ताप आलाय का बघावं तशा. बॉनेट गरम लागलं की त्या बेल न वाजवता परत फिरायच्या. "आपण यायच्या आत गाडी तापवून ठेवतो तो माणूस कशाला तापवतो? थंड असताना ती चालू होत नाही म्हणून. मग चहा पिऊन काय करायचं तिथे?"

त्यांच्या पिशवीत एक बॅटरी, एक लोहचुंबक, घासून झिजलेला दातांचा ब्रश आणि दोन लिंबं असायची. चुंबक पत्र्यावरून फिरवायच्या. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा गेलाय आणि लांबीची पुट्टी भरून वर रंग दिलाय. ब्रशाने चासीवरची माती काढायच्या. गाडी चालवून बघायची वेळ आली की दुसऱ्या कोणाला तरी बसवून रस्त्यावर पाठवायच्या आणि स्वतः कोपऱ्यावर डोळे मिटून उभ्या राहायच्या. गाडी जवळून गेली की डोळे उघडून धूर बघायच्या. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. पांढरा थांबत नसला तर आत पाणी शिरतंय. काळा असला तर त्या जरा सैल व्हायच्या. "काळ्याला औषध आहे," म्हणायच्या.

आणि शेवटी, बहुतेक वेळा, "नको."

त्यामुळे ऑफिसात एक विनोद होता, की ज्याला बायकोच्या हट्टामुळे गाडी बघायला जावं लागतंय पण घ्यायची नाही, त्याने बाईंना न्यावं. घाटकोपरला आमच्यातल्या एकीच्या मुलीचं लग्न होतं. नवरा-नवरी फुलांनी मढवलेल्या गाडीत बसली, बँडवाल्यांनी तोंडाला पिपाण्या लावल्या, आणि बाई पुढच्या चाकापाशी वाकून ड्रायव्हरला म्हणाल्या, "ब्रेकचं ऑइल गळतंय. ह्या गाडीतून मुलगी पाठवायची नाही." वरपक्षाकडचे एक काका चांगलेच तापले. बाईंनी त्यांना चाकाच्या आतून ओलं झालेलं बोट दाखवलं. शेवटी नवरी रिक्षातून गेली. त्या मुलीची आई बाईंशी दोन महिने बोलत नव्हती. बाईंना त्याचं काही नव्हतं. "बोलेल," म्हणाल्या, "मुलगी धडधाकट आहे ना? मग बोलेल."

आता आमच्या घरातली गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यामुळेच बाई माझ्या झाल्या.

आमचे हे गिरणीत होते. गिरणी बंद पडली. आम्ही तेव्हा कांदिवलीला राहायचो, माझा पगार होता म्हणून चूल चालली, पण घरी बसलेला कर्ता पुरुष म्हणजे काय असतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. हे सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीत बसायचे. वर्षभर असं गेलं. मग एक दिवस त्यांच्या डोक्यात गाडी आली. गाव कणकवलीकडे. मुंबईतले गावकरी तिकडे जायला नेहमीच धडपडत असतात. एक मोठी गाडी घ्यायची, परवाना काढायचा, माणसं ने-आण करायची. कल्पना वाईट नव्हती. बऱ्याच दिवसांनी ते जेवताना बोलायला लागले होते, म्हणून मला तर ती फारच चांगली वाटली.

गाडी त्यांनीच शोधून काढली. मरोळला एका परदेशी कंपनीचं काम संपलं होतं आणि तिच्या साहेबांच्या गाड्या एका दलालाने उचलल्या होत्या. त्यातली एक. आता रस्त्यात असल्या गाड्या पैशाला पासरी दिसतात, पण तेव्हा मुंबईत बोटांवर मोजण्याइतक्या असतील. जीपच, पण जीपची श्रीमंत आतेबहीण म्हणावी अशी. उंच, रुंद, गर्द हिरवी. आत मखमली सीटा, थंड हवेचं यंत्र, बटण दाबलं की खाली जाणाऱ्या काचा, चारही चाकांना जोर देणारा वेगळा दांडा. हे त्या गाडीत एकदा बसून आले आणि रात्रभर जागे राहिले.

मी म्हटलं, "बाईंना दाखवूया."

"दाखव की," हे म्हणाले. "ह्या गाडीत काही काढून दाखवावं त्यांनी."

आम्ही तिघं मरोळला गेलो. वेळेच्या आधी, बाईंच्या अटीप्रमाणे. दलाल गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस होता. बॉनेट थंडगार होतं. बाईंनी ऑइलचं झाकण फिरवून काढलं, आतून बोट फिरवलं. पाणी शिरलेल्या इंजिनात तिथे पांढरट साय धरते. इथे काही नव्हतं. रेडिएटरमध्ये ऑइलचा तवंग नव्हता. गाडी पहिल्याच फटक्यात चालू झाली. धूर नावाला. दलालाच्या माणसाने ती गल्लीतून फिरवून आणली, बाई डोळे मिटून उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "तो दुसरा दांडा टाका आणि पुन्हा एकदा." तो दांडा बरेच लोक कधी टाकतच नाहीत आणि मग गरजेच्या वेळी तो जाम होतो. इथे तोही लोण्यात सुरी गेल्यासारखा पडला. चारही टायर सारखे झिजलेले. पेडलच्या रबरावरच्या रेघासुद्धा शाबूत.

ह्यांचा चेहरा फुलत चालला होता. मला तर त्या दलालापेक्षा जास्त हसू येत होतं.

"हिची काच फुटली तर कुठे मिळेल?" बाईंनी दलालाला विचारलं.

"मिळते बाई. मुंबईत काय मिळत नाही? थोडं शोधावं लागतं."

"हं," बाई म्हणाल्या आणि मागचा दरवाजा उघडून आत शिरल्या. सतरंजी उचलली. तिच्याखालचा जाड फेल्टचा थर उचलला. खाली पत्र्यावर गंजाचे तांबूस फोड होते, फार नाही, पण ओळीने. बाईंनी त्यातला एक नखाने फोडला, बोटाला लागलेली पूड निरखली, आणि बोट जिभेला लावलं.

दलालाचं हसू पहिल्यांदाच गेलं.

"खारट," बाई म्हणाल्या. "ही गाडी समुद्राच्या पाण्यात उभी होती. भरतीत सापडली असणार कुठेतरी. वायरिंग आतून सडेल. आज चालतेय, सहा महिन्यांनी काचा वर जाणार नाहीत, वर्षाने चालूच होणार नाही. आणि हिचे पार्ट इथे नाहीत. नको."

"बाई, मुंबईत हवाच खारट," दलाल म्हणाला.

आणि आमचे हे, जे कधी परक्या बाईशी चढ्या आवाजात बोलले नाहीत, ते एकदम गावच्या बोलीवर आले. "काय चाटून बघतास? ही गाडी हा, लोणचा न्हय!"

बाईंनी रुमालाला बोट पुसलं. "घेणारे तुम्ही आहात," म्हणाल्या. "मला विचारलंत म्हणून सांगितलं."

त्या गेल्या. आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. हे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "बाई आजवर चुकल्याचं मी ऐकलेलं नाही." एवढंच म्हटलं. पण ते पुरलं. गाडी घेतली नाही. ह्यांनी पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीत बसायला सुरुवात केली, आणि या वेळी माझ्याशी बोलणंही टाकलं.

पुढे पावसाळा येऊन गेला. एक दिवस ऑफिसात बोरिवलीचे एक गृहस्थ आले. गाडीचा विमा उतरवायचा होता. गाडी खाली उभी होती. जुन्या गाडीची विम्याआधीची तपासणी आमच्याच विभागाकडे असे; ती करायला बाई गेल्या, आणि बऱ्याच वेळाने वर आल्या त्या माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"खाली ये."

खाली गेले तर ती हिरवी गाडी. धुऊनपुसून झळकत होती. गृहस्थ खुशीत होते. गोव्याला दोनदा जाऊन आले होते, भर पावसात, एकदासुद्धा कुठे थांबली नाही म्हणाले. बाईंनी माझ्यासमोर पुन्हा एकदा सगळ्या काचा खाली-वर करायला लावल्या. सगळ्या गेल्या, सगळ्या आल्या.

"मागे पत्र्यावर थोडा गंज होता," बाई म्हणाल्या.

"तो ना? काढला घासून. अहो, त्या साहेबाच्या ड्रायव्हरनेच सांगितलं मला. साहेब मासळीचा शौकीन. दर शनिवारी वेसाव्याहून पाट्या भरून मासे न्यायचा मागे टाकून. ते पाणी झिरपायचं. किती दिवस वास जात नव्हता, बोला!"

बाई वर आल्या. त्यांनी विम्याचं काम पूर्ण केलं, जागेवर बसल्या, डबा उघडला नाही. संध्याकाळी मी निघाले तर माझ्याबरोबर निघाल्या. मी म्हटलं, "बाई, तुम्हाला मुलुंडला जायचं ना?" म्हणाल्या, "आधी तुझ्याकडे."

घरी हे खिडकीतच होते. बाईंना बघून उठले, खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत.

"मी चुकले," त्या म्हणाल्या. "गाडी चांगली होती. ते मीठ माशांचं होतं. मी समुद्राचं ठरवलं. खाली दरवाजाच्या रबरात वाळू आहे का एवढं बघितलं असतं तरी कळलं असतं. बघितलं नाही. माझं ठरलं होतं."

मी दाराशीच थांबले. इतक्या महिन्यांचा राग आता बाहेर पडणार, असं मला वाटलं. ह्यांनी खुर्ची आणखी जवळ सरकवली. मग म्हणाले, "जेवून जावा, बाई. बांगडे आणलेत."

"मासे नकोत," बाई म्हणाल्या. "आजच्या दिवस तरी नकोत."

आणि हे हसायला लागले. इतके हसले, की डोळे पुसायची वेळ आली. बाईही हसल्या, जरा अपराध्यासारख्या. घरात कोणी असं हसलेलं मी कधीपासून ऐकलं नव्हतं. त्या वरणभात जेवल्या, आणि पानावरून उठताना ह्यांना म्हणाल्या, "रविवारी सकाळी तयार राहा. आपण शोधायची."

मग ते रविवार सुरू झाले. मी घरी, आणि आमचे हे बाईंबरोबर मुलुंड, ठाणे, कुर्ला, कुठे कुठे. सुरुवातीला हे पिशवी धरायचे. मग तेही गाडीखाली जायला लागले. दोघं शेजारी शेजारी कागद अंथरून पडायचे आणि खालून वाद घालायचे. हे म्हणायचे ठीक आहे, बाई म्हणायच्या बघा नीट. घरी आले की ह्यांच्या शर्टाच्या पाठीवर ऑइलचे डाग असायचे आणि मला ते धुताना बरं वाटायचं. गिरणीत होते तेव्हा असेच डाग यायचे.

एकदा मी बाईंना विचारलंच. माझ्या मनात एक शंका होती. मला वाटायचं, या बाईंच्या आयुष्यात काहीतरी झालं असणार. कोणीतरी जवळचं फसव्या गाडीने नेलं असणार, म्हणून त्या रविवार-रविवार लोकांसाठी मातीत लोळतात. दुपारचा चहा पीत होतो, तेव्हा हळूच विचारलं, "बाई, तुम्ही हे सगळं का करता हो?"

बाईंनी थोडा विचार केला. "रविवारी मला फार कंटाळा येतो गं," म्हणाल्या.

शेवटी गाडी मिळाली ती भांडुपच्या एका कारखान्याची जुनी जीप. लांब बॉडीची, आपल्याकडचीच, मखमल नाही, थंड हवा नाही, पावसात छत गळायचं. स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाक जागेवर. तिसरा गिअर मधूनच निसटायचा. मालकाने सगळं आपणहून सांगितलं आणि म्हणाला, "अजून काय असेल तर तुम्हीच बघा." त्या दिवशी मीही गेले होते; बाई आणि हे खालून बाहेर आले तेव्हा दोघांचे चेहरे मातीने सारखेच दिसत होते.

"काय?" मी विचारलं.

"चासी सरळ आहे," बाई म्हणाल्या. "बाकीचं सगळं बिघडलंय, पण काय काय बिघडलंय ते कळलंय. पार्ट कोपऱ्यावर मिळतात. घ्या."

बाईंच्या तोंडून "घ्या" हा शब्द मी तेवढ्या एकाच वेळी ऐकला.

त्या जीपने आमचं घर उभं केलं. आठवड्याचे दिवस कारखान्यांची माणसं, सुट्टीत गाव. हे दर वर्षी बाईंना म्हणायचे, एकदा कोकणात चला, आणि बाई दर वर्षी पोटाचं कारण सांगायच्या. एका मे महिन्यात मात्र काय वाटलं कोणास ठाऊक, हो म्हणाल्या. बहुधा निवृत्ती जवळ आली होती म्हणून असेल. पुढच्या सीटवर खिडकीशी त्या, मध्ये मी, मागे गावची सहा माणसं सामानासकट. बाईंच्या दोन्ही हातांत लिंबं. पनवेल सोडल्यावर पहिल्यांदा त्यांना उतरवावं लागलं. मग माणगावच्या आधी. मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "बाय माझी, हडकुळी झाली गो." बाईंनी डोळे मिटून घेतले होते, तरी मधूनच बोलायच्या. "तिसरा पुन्हा निसटतोय. धरून ठेवा."

कशेडी घाटात, माथा अगदी जवळ आला असताना, खालून धाडकन आवाज आला. नंतर पत्र्यावर घण मारल्यासारखे ठोके. ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि खाली शिरले. बाहेर आले तेव्हा तोंड उतरलं होतं. गिअरपासून मागच्या चाकांकडे जाणारा जो शाफ्ट असतो, त्याच्या टोकाचा जोड, क्रॉस, तुटला होता. मुंबई मागे राहिलेली, गाव दूर, मागे सहा माणसं, त्यांत दुसऱ्या दिवशीच्या लग्नाला निघालेला नवरीचा मामा. तो तर रडायच्या बेताला आला.

बाई रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या होत्या. चेहरा पांढरा. लिंबू हुंगत म्हणाल्या, "मागचा शाफ्ट अख्खा काढून टाका. दुसरा दांडा टाका आणि पुढच्या चाकांवर चालवा."

"चालंल?" ह्यांनी विचारलं.

"मी कधी पाहिलेलं नाही. एका माणसाने चालवली होती म्हणे. इकडच्याच एकाने. मागचा शाफ्ट घाटात मोडला, तो काढून पुढच्या चाकांवर घर गाठलं, असं त्याने क्लेममध्ये लिहिलं होतं." बाई थांबल्या. "मी त्याला खोटारडा ठरवला. मी नवीन होते. फोर-व्हील म्हणजे चार चाकं, एवढंच कळायचं मला. मी म्हटलं, मागचा शाफ्ट नसताना गाडी जाईल कशी? हा घरीच मोडतोड करून पैसे मागतोय. दिला परत पाठवून. पुढे मेकॅनिककडून ऐकलं, की जाते तशी गाडी. पण त्या माणसाची मी आठवणच काढली नाही कधी."

हे पाने घेऊन खाली गेले. बाई उठल्या, पिशवीतला कागद काढला आणि त्याही गेल्या. लग्नाचा मामा बॅटरी धरून बसला. शाफ्ट सुटला, तो मागे सामानावर टाकला. त्या जीपचा हँडब्रेक शाफ्टवरच धरायचा, म्हणजे आता तोही गेला. ह्यांनी मामाच्या हातात मोठा दगड दिला आणि चाकाच्या मागून चालायला सांगितलं. बाकी सगळ्यांनी उतरून पायी चढायचं. ह्यांनी दांडा टाकला, क्लच हळूच सोडला. पुढची चाकं जागच्या जागी खडी उडवत फिरली, आणि मग गाडी पुढे सरकली. मुंगीच्या पावलांनी, पण सरकली.

सगळ्यांनी ओरडा केला. बाई एकट्या ओरडल्या नाहीत. त्या गाडीच्या मागे मागे चढ चढत होत्या आणि स्वतःशीच म्हणत होत्या, "तो खरं बोलत होता गं. खरं बोलत होता तो."

माथ्यापलीकडे उतार. महाडहून आलो होतो, खेडला दुपारी पोचलो. तिथे गॅरेजमध्ये क्रॉस मिळाला, मामाला भाचीचं लग्न गाठता आलं. पण गावी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी बाई सकाळीच तयार होऊन बसल्या. ह्यांना म्हणाल्या, "मला एका गावाला न्याल?" क्लेमवाल्या माणसाचं नाव आणि गाव त्यांना पाठ होतं. त्यांना सगळ्यांचीच नावं पाठ असायची. गाव खारेपाटणच्या बाजूला होतं, फार लांब नाही.

विचारत विचारत गेलो. कौलारू घर, अंगणात आंब्याच्या पेट्या. ओटीवर एक म्हातारे गृहस्थ उघड्या अंगाने बसून आंबे निवडत होते. आम्हाला गिऱ्हाईक समजून त्यांनी दोन आंबे पुढे केले. बाई ओटीवर चढल्या नाहीत. अंगणात उभ्या राहूनच बोलल्या. मी कोण, कुठल्या ऑफिसातली, तुमच्या जीपचा क्लेम माझ्याकडे आला होता, तो मी खोटा म्हणून परत पाठवला. एका दमात सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "काल आमची गाडी कशेडीत मोडली. तुम्ही केलं होतं तसंच केलं. आली गाडी. हे तुम्हाला सांगायला आले."

म्हाताऱ्याने हातातला आंबा खाली ठेवला. त्याला आठवायला थोडा वेळ लागला, आणि आठवलं तसं त्याच्या तोंडावर एकामागून एक काय काय येऊन गेलं. राग होता त्यात. ती जीप त्याला विकावी लागली होती, हे त्यानेच नंतर सांगितलं. मला वाटलं, आता हा आम्हाला अंगणाबाहेर घालवतो. बाई मान खाली घालून उभ्या होत्या. त्या तशा उभ्या राहिलेल्या मी पूर्वी कधी बघितल्या नव्हत्या.

"तेव्हा सगळो गाव माका हसलो," म्हातारा म्हणाला. "सरकारी कागदार लिवलेला, खोटो म्हणान."

"हो," बाई म्हणाल्या.

"आणि आता तुम्हीच तसा करून इलात?"

"हो."

म्हाताऱ्याने आतल्या बाजूला हाक मारली, सुनेला पाणी आणायला सांगितलं, चार खुर्च्या मांडायला सांगितलं, शेजाऱ्यालाही बोलवायला सांगितलं. मग ओटीच्या कडेला येऊन, बाईंना नीट बघत, म्हणाला, "म्हणजे माझो क्लेम आता पास झालो म्हणा."

बाईंनी मान वर केली.

"झाला," त्या म्हणाल्या. "पास झाला." आणि चपला काढून ओटीवर चढल्या.